फुमिएनं शिकवलेलं गाणं

पद्मजा गायला लागली की त्या खोलीतली चार-दोन माणसं हसू दाबायची. पहिल्या दोन वेळा तिला वाटलं, आपल्या उच्चारांना हसत असतील. सांगलीची बाई, वय अडुसष्ट, आणि जपानी कोळ्यांचं गाणं म्हणतेय म्हटल्यावर कुणालाही गंमत वाटायचीच. पण पुढच्या खेपेला तिनं नीट पाहिलं. पहिल्या कडव्याला सगळे डोळे मिटून डोलत होते. हसू फुटलं ते दुसऱ्या कडव्याला. उच्चार तर दोन्हीकडे तेच होते.

पद्मजा अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीत राहायची. जवळच्या वूस्टरमधल्या एका हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्ट म्हणून तिनं आयुष्य काढलं आणि मग रिटायर झाली. लहानपणी मिरजेला जाऊन शास्त्रीय गाणं शिकली होती, ते पुढे गुणगुणण्यापुरतंच उरलं. सीनियर सेंटरच्या योगाच्या क्लासला तिची फुमिएशी ओळख झाली. फुमिए जपानच्या उत्तरेकडच्या किनाऱ्यावरची, कोळ्यांच्या गावात वाढलेली, चाळीसएक वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर इथे आलेली. नवरा आता नव्हता. तिच्या गळ्यावर एक आडवा व्रण होता. थायरॉइडच्या ऑपरेशनमध्ये स्वराची नस दुखावली होती आणि तेव्हापासून तिचा आवाज खरखरीत, मध्येच तुटणारा झाला होता. क्लासनंतर बूट घालताना पद्मजा काहीतरी गुणगुणत होती, ते ऐकून फुमिए तिथेच उभी राहिली. म्हणाली, तुझ्या गळ्याला वळणं माहीत आहेत, तुला आमच्याकडची गाणी येतील.

आणि ती आलीही. फुमिए एकेक ओळ फाटक्या आवाजात म्हणायची, पद्मजा ती उचलायची. ते सुरांना हेलकावे देणं तिला मुरकीसारखंच वाटायचं. जपानीचं अक्षर वाचता येत नव्हतं, त्यामुळे सगळं कानानं चाललं होतं. अर्थ विचारला की फुमिए म्हणायची, नेहमीचंच, समुद्र, नाव, वाट बघणारी बायको.

दर रविवारी दुपारी रूट नाइनवरच्या एका जपानी रेस्टॉरंटच्या मागच्या खोलीत कराओके चालायचं, म्हणजे मशीनवर नुसतं संगीत लावायचं आणि पडद्यावर येणारे शब्द बघून गायचं. येणारी माणसं बहुतेक वयस्क जपानी, शिवाय एखाद-दोन तरुण रिसर्चवाले. मोरिता नावाचे गृहस्थ, सगळ्यांचे 'मोरितासान', म्हणजे मोरिताजी, सगळं बघायचे. मशीनचा रिमोट त्यांच्याच हातात, कोण कधी गाणार तेही तेच ठरवायचे. ते पद्मजाला वाकून नमस्कार करायचे, पण एकदाही हसले नव्हते.

घरी तिनं नवऱ्याला, बाळला, हसण्याबद्दल सांगितलं. बाळ इंजिनिअर माणूस. त्यानं तिला फोनसमोर गायला लावलं आणि ट्रान्सलेटवर टाकलं. पहिल्या कडव्यात नाव आली, वल्हं आलं. दुसऱ्या कडव्यात फोननं 'बेडूक' म्हटलं आणि पुढे 'कृपया शांतता' असं काहीतरी.

"कोळ्याच्या गाण्यात बेडूक कशाला येईल, पद्मा?" बाळ म्हणाला. "बेडूक काय समुद्रात राहतो? ही बाई तुझ्याकडून काहीतरी भलतंच वदवून घेतेय."

पद्मजानं ते उडवून लावलं. गायलेलं त्या फोनला काय कळणार, असं म्हणाली. पण रात्रभर तिला झोप नाही. फुमिएचं लाघवी बोलणं, आग्रहानं शिकवणं, प्रत्येक रविवारी न चुकता घ्यायला येणं, हे सगळं आता वेगळंच दिसायला लागलं. स्वतः न गाता मागच्या टेबलाशी बसून ती पद्मजाकडे इतकं टक लावून का बघते? आणि गाणं संपलं की सगळ्यात आधी टाळ्या का वाजवते?

पुढच्या रविवारी पद्मजानं गाता गाता पडद्याकडे लक्ष ठेवलं. अक्षरं वाचता येत नसली तरी आकार ओळखण्यात तिची हयात गेली होती. मायक्रोस्कोपखाली तिनं दुसरं केलं काय? दुसऱ्या कडव्याच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी पडद्यावर एकच चिन्हांची जोडी येत होती. म्हणजे तिथे दर वेळी तोच शब्द असायला हवा. तिच्या तोंडून मात्र प्रत्येक ओळीचा शेवट वेगळा निघत होता. समोरची माणसं पडद्यावर वाचत होती एक आणि ऐकत होती दुसरंच. तिनं कसंबसं कडवं संपवलं.

परतताना गाडीत तिनं सहज विचारल्यासारखं करून दुसऱ्या कडव्याचा अर्थ विचारला. फुमिए ड्राइव्ह करत होती. तिनं रस्त्यावरची नजर हलवली नाही. "लाटा," ती म्हणाली. "लाटा आणि पक्षी."

आधी सांगितलेल्या अर्थात पक्षी कुठेच नव्हता; त्या 'पक्षी'नं पद्मजाचा संशय पक्का केला.

पुढच्या वेळी तिनं फुमिएला सांगितलं की बाळ सोडायला येतोय, आणि लवकर जाऊन पार्किंग लॉटमध्ये थांबली. मीका नावाची एक रिसर्चवाली मुलगी गाडीतून उतरत होती. तिला पद्मजानं बाजूला घेतलं आणि सरळ विचारलं, मी काय गाते? मीका आधी घुटमळली. शेवटी म्हणाली की पहिलं कडवं अगदी बरोबर आहे, फार सुंदर आहे. पुढची दोन गाण्यातली नाहीत. त्यांत तळ्याचा मुकादम झालेला एक बेडूक आहे, तो बाकीच्यांना सांगतो की तुमचा आवाज बसलाय, आता गप्प राहा, पाणी ढवळतं. आणि तिसऱ्यात बेडकाच्या हातात एक काठी आहे, ती त्यानं टीव्हीच्या रिमोटसारखी धरलीय.

"सगळ्यांना वाटतं, तुम्हाला माहीत आहे," मीका म्हणाली. "मोरितासानना पण तसंच वाटतं."

पद्मजाचा चेहरा तापला. इतके रविवार ती एका भल्या माणसाच्या तोंडावर त्याला बेडूक म्हणत होती, तेही तान घेऊन. त्या दिवशी ती आत गेलीच नाही. बाळला फोन करून परत बोलावलं आणि घरी गेली.

फुमिएच संध्याकाळी तिच्याकडे आली. पद्मजानं चहा विचारला नाही. मीकानं सांगितलेलं सगळं तिनं एका दमात सांगितलं. फुमिएनं काही नाकारलं नाही. दोघी इंग्रजीतच बोलत, पण त्या दिवशी फुमिए मध्येच जपानीत जात होती, पुन्हा थांबून शब्द शोधत होती. ऑपरेशनच्या आधी त्या खोलीत पहिलं गाणं तिचं असायचं. ऑपरेशननंतर ती गेली तेव्हा मोरितांनी फार प्रेमानं तिला सांगितलं, फुमिएसान, आता तुम्ही आरामात बसून ऐका. पुढच्या रविवारी तिची गायची पाळीच आली नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. कुणी काही बोललं नाही. आमच्या गावाकडे, ती म्हणाली, जे तोंडावर बोलता येत नाही ते बायका गाण्यात जोडायच्या. गाण्यावरून कुणाला भांडता येत नाही.

हे पद्मजाला नवीन नव्हतं. तिच्या आजोळीही जात्यावर बसून बायका ओवीतून सासूला टोचायच्या, आणि सासू पलीकडच्या खोलीत निमूट ऐकायची.

"पण त्या स्वतःच्या गळ्यानं गायच्या, फुमिए," ती म्हणाली. "लोक मला हसताहेत असं वाटून मी झोपत नव्हते. तू मागे बसून बघत होतीस."

"तुला कुणी हसत नव्हतं."

"ते मला कसं कळणार होतं?"

फुमिएनं मान खाली घातली. मग म्हणाली, "तुझा आवाज ऐकला आणि मला वाटलं, हा माझाच आहे. तसं वाटायला नको होतं." ती गेली तेव्हाही पद्मजा दारापर्यंत सोडायला उठली नाही.

एक रविवार तसाच गेला. बाळचं मत होतं की त्या बाईशी आता संबंध नको. पद्मजाला राग होता, पण त्या रागात मोरितांचाही वाटा होता, हे तिला भाजी चिरताना, आंघोळ करताना जाणवत राहिलं. ज्याचा गळा गेला त्याला आरामात बसा म्हणायचं, ही कसली माया?

त्याच्या पुढच्या रविवारी ती टॅक्सी करून एकटीच गेली. फुमिए मागच्या टेबलाशी होती. मोरितांनी नेहमीसारखं वाकून पद्मजाचं गाणं लावलं. तिनं पहिलं कडवं मन लावून म्हटलं. मधलं संगीत सुरू झालं तशी ती माइक घेऊन मागे चालत गेली आणि तो फुमिएपुढे धरला.

"तुझं तू म्हण," ती हळूच म्हणाली.

फुमिएनं नकारार्थी मान हलवली. पद्मजा तशीच उभी राहिली. दुसऱ्या कडव्याची पहिली ओळ पडद्यावर येऊन गेली, मग दुसरी. मग फुमिए उठली. तिनं माइक घेतला आणि बेडकाची ओळ म्हणायला लागली. आवाज अर्ध्यातच फाटला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा फाटला. या वेळी खोलीत कुणीही हसलं नाही. मीका आपल्या पायांकडे बघत होती.

मोरितांनी रिमोट उचलला. पद्मजाला वाटलं, आता हे मशीन बंद करणार. पण त्यांनी एक बटण दोनदा दाबलं आणि संगीत खालच्या पट्टीत आलं, मग आणखी खाली, फुमिएच्या गळ्याला झेपेल इतकं. फुमिएनं मोरितांकडे पाहिलं. पुढची ओळ तिनं बेडकाची म्हटली नाही. पडद्यावरची म्हटली, शेवटी तीच ती चिन्हांची जोडी असलेली. पद्मजाला त्या शब्दाचा आवाज पहिल्यांदाच ऐकायला मिळाला.

नंतर मोरिता दोघींच्या टेबलाशी आले आणि जपानीत थोडंसं बोलले. फुमिए फक्त हो, हो करत राहिली. ते काय म्हणाले, हे तिनं पद्मजाला घरी सोडताना गाडीत सांगितलं: पुढच्या रविवारपासून तिची पाळी तिसरी. माफी मागितली का, असं पद्मजानं विचारलं, तर म्हणाली की तेवढं मोठं काही नाही, पाळी दिली. पद्मजाला ते पूर्ण खरं वाटलं नाही.

दोघी अजून रविवारी जातात. फुमिए नवीन गाणी शिकवते आणि आता न विचारता प्रत्येक ओळीचा अर्थ सांगते. पद्मजा ऐकून घेते, मान डोलावते, गाते. आणि घरी आली की तीच ओळ मीकाला पाठवून विचारते, हे बरोबर आहे का? आत्तापर्यंत प्रत्येक वेळी बरोबर निघालंय. तरी ती पाठवते.