आडवा चंद्र

कवळीवाल्यांनी रिमोट उशीखाली सरकवला आणि तोंड भिंतीकडे फिरवले. समोरच्या नव्याकोऱ्या टीव्हीवर दीपगृहाचा एक म्हातारा रखवालदार गोल जिना चढत होता. तो अर्ध्या जिन्यावर पोचतो न पोचतो तोच लेकीने उठून टीव्ही बंद केला आणि ती स्वयंपाकघरात आली.

“बघितलंस ना आई? पुन्हा गाल दाबायला लागले.”

बाई ओट्याशी शेंगा सोलत होत्या. दारातून त्यांनी सगळे पाहिले होते. सिनेमा सुरू झाला, नवऱ्याची मान पुढे आली, क्षणभर चेहरा उजळला, आणि मग तेच सुरू झाले. डावा तळहात डाव्या गालावर ठेवून गाल आत दाबायचा, मग तोच हात पलीकडे नेऊन उजवा गाल आत दाबायचा. पुन्हा डावा, पुन्हा उजवा. शेवटी वैतागून तोंड फिरवायचे.

“त्यांना आता हे झेपत नाही,” लेक हलक्या आवाजात म्हणाली. “आपण उगाच छळतोय त्यांना.”

हातातली शेंग सोलून झाली होती तरी बाई तिच्या टरफलातून बोट फिरवत राहिल्या.

कवळीवाले हे काही त्यांचे नाव नव्हे. पण दातांच्या डॉक्टरांसाठी आयुष्यभर कवळ्या घडवल्यामुळे गल्लीत त्यांना दुसऱ्या नावाने कोणी ओळखत नसे. बाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लाइन जोडायला होत्या, तिथले खटक्यांचे जुने बोर्ड काढून टाकेपर्यंत. दोघांचा संसार तसा शांत. नवऱ्याला एकच नाद होता, जुन्या सिनेमांच्या डिस्क. बाहेरच्या खोलीत एक अख्खे कपाट त्यांनी भरलेले. लोक ज्यांना मान देतात ते सिनेमे वरच्या फळ्यांवर, लोक ज्यांना हसतात ते हाताशी यावेत म्हणून मधल्या फळ्यांवर. एखादी डिस्क बघून झाली की ते मित्रांना फोन लावत आणि चित्र किती स्वच्छ आहे, कुठल्या प्रसंगात सावल्या नीट उतरल्यात, जुन्या प्रतीत गेलेला कुठला तुकडा इथे परत मिळाला, हे अशा तपशिलाने सांगत, की ऐकणाऱ्याला सिनेमा बघायची गरजच उरू नये. बाई हे सगळे एका कानाने ऐकत आणि दुसऱ्या कानाने कुकरच्या शिट्ट्या मोजत.

मग एका सकाळी, दाढी करताना, झटका आला. उजवा हात लुळा पडला. तो व्यायामाने हळूहळू हलू लागला, पण गेलेली वाचा काही परतेना. बोलायला तोंड उघडले की एकच शब्द बाहेर पडे, ‘तेच’. पाणी हवे असले तरी तेच, खिडकी लावून घ्यायची असली तरी तेच, आणि लेकीने डोक्यावरून हात फिरवला, डोळे भरून आले, तेव्हाही तेच. शब्द चुकला हे त्यांना कळत असावे. कारण मग ते ओठ आवळून मान खाली घालत.

‘असावे’ हाच शब्द बाईंना छळत होता. बोलण्याचा सराव घ्यायला येणारी थेरपिस्ट मुलगी गोड होती, पण खोटे बोलणारी नव्हती.

“त्यांना किती समजतंय ते आत्ताच नाही सांगता येणार, काकू,” ती म्हणाली होती. “आवडीचं काहीतरी रोज समोर ठेवा. प्रतिसाद येतो का बघू.”

एक्स्चेंजमध्ये असताना कधी कधी एखादी लाइन जोडली की पलीकडे घंटा वाजत राही आणि फोन कोणीच उचलत नसे. घरात माणूस आहे की नाही, इथे बसून काही कळत नसे. नवऱ्याला भरवताना बाई त्यांच्या डोळ्यांत बघत, तेव्हा त्यांना ती घंटा ऐकू येई.

आवडीचे म्हणजे सिनेमे, यात वाद नव्हता. जावयाने ते फारच मनावर घेतले. जुना, खोक्यासारखा छोटा टीव्ही त्याने उचलून नेला आणि अर्धी भिंत झाकणारा नवा आणून लावला. डिस्कचे यंत्र त्याला जोडून, चित्र काठापासून काठापर्यंत भरलेले दिसेल असे करून दिले. “बाबांना आता थिएटरात बसल्यासारखं वाटेल,” तो म्हणाला. मन लावून केले होते त्याने सगळे. आणि पहिल्याच संध्याकाळी कवळीवाल्यांनी गाल दाबायला सुरुवात केली.

आधी वाटले दात दुखत असेल. विचारले की उत्तर ‘तेच’, त्यातून हो समजायचे की नाही? ज्याच्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे काम केले तो दातांचा डॉक्टर बिचारा घरी आला, बॅटरी घेऊन तोंडभर फिरला, आणि हिरड्यासुद्धा ठणठणीत आहेत म्हणून सांगून गेला. मग डोके दुखत असेल, चेहऱ्याची नस आखडली असेल, असे तर्क झाले. मोठ्या डॉक्टरांनी गोळ्या बदलून पाहिल्या. पण दुखणे असे की जेवताना नाही, झोपताना नाही, टीव्हीवरच्या बातम्या बघतानाही नाही. फक्त कपाटातली डिस्क लावली की उपटायचे.

“जुन्या आठवणींचा त्रास होत असेल,” लेक म्हणाली. तिने कुठेतरी तसे वाचले होते. “समोर दिसतंय आणि लक्षात येत नाही, म्हणून चिडत असतील. आई, ते कपाट नजरेसमोर नकोच.”

तिनेच मग चित्रपट मंडळाच्या चिटणीसांशी बोलणे केले. गावातले हौशी लोक एकत्र जमून सिनेमे बघत, त्यांचे ते मंडळ. कवळीवाले एके काळी तिथे नियमाने जात. डिस्क तिथे गेल्या तर चार लोक बघतील तरी. रविवारी दुपारच्या चहाच्या सुमाराला चिटणीस येऊन डिस्क घेऊन जाणार, असे ठरले. बाईंनी हो म्हटले. नाही म्हणायला त्यांच्याकडे कारण नव्हते. फक्त त्या दिवसापासून बाहेरच्या खोलीतून जाताना त्यांची पाठ कपाटाकडे राहू लागली.

रविवारी दुपारी जेवणे उरकल्यावर बाईंनी एकेक फळी रिकामी करायला घेतली. नवऱ्याला खुर्चीत बसवले होते. ते बघत होते की नुसते त्या दिशेला डोळे होते, कोण सांगणार. प्रत्येक डबी फडक्याने पुसायची, उघडून आत डिस्क आहे ना बघायचे, आणि खोक्यात लावायची. दिलेल्या वस्तूत खोट निघू नये, एवढे त्यांना पाहायचे होते.

मधल्या फळीवरची एक डबी रिकामी निघाली. तिच्यावरचे चित्र बाईंच्या चांगलेच ओळखीचे होते. एका न्यायाधीशाचा केसांचा टोप मालकाच्या मरणानंतर एकेकाचा गळा आवळत सुटतो, असा तो सिनेमा. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला कवळीवाले तो दाखवत. पाहुणे हसून लोळत आणि हे गंभीरपणे म्हणत, “हसा, पण यातला उजेड बघा.” बाईंनी तो कधी सलग पाहिला नव्हता. टोप पहिला खून करी तेव्हा त्या चहाला उठत, आणि कपबशा घेऊन येत तोवर शेवटचा खून झालेला असे.

“अहो, याची डिस्क कुठंय?” त्यांनी सवयीने विचारले.

“तेच,” कवळीवाले म्हणाले आणि मान खाली घातली.

परवा पुन्हा लावून पाहिली होती ती यंत्रातच राहिली असणार, असे मनाशी म्हणत बाईंनी टीव्ही लावला, यंत्र लावले. बाहेर काढायचे बटण शोधता शोधता भलतेच दाबले गेले आणि सिनेमा सुरू झाला. वाद्ये घुमली. काळ्या आभाळावर नावे सरकू लागली. खुर्चीची करकर ऐकून बाईंनी वळून पाहिले. कवळीवाल्यांनी मान वर केली होती. तळहात डाव्या गालाकडे निघाला होता.

“बंद करते हो, बंद करते. दुखतंय का?” बाई घाईने पडद्याकडे वळल्या.

ढगांमागून पौर्णिमेचा चंद्र निघत होता. हातात रिमोट तसाच धरून बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. चंद्र गोल नव्हता. दोन्ही बाजूंनी धरून कोणी ताणल्यासारखा तो चांगला आडवा झाला होता. पपई झोपवून ठेवावी तसा.

“हा चंद्र असा काय?” त्या स्वतःशीच म्हणाल्या.

चंद्र गेला आणि न्यायाधीशाच्या बायकोचा चेहरा आला. सडपातळ म्हणून गाजलेली नटी, पण इथे गाल गलेलठ्ठ, नाक बसके, हनुवटी पसरलेली. बाईंनी पडद्याकडे पाहिले. मग नवऱ्याकडे पाहिले. डावा गाल आत, उजवा गाल आत. हात गालावर होता, पण डोळे नटीवर होते. इतके दिवस हात गालाकडे गेला की सगळे धावून त्यांच्याकडे बघत. पडद्याकडे कोणी बघितलेच नव्हते.

बाई खुर्चीसमोर जाऊन वाकल्या.

“अहो. चित्र ताणलंय. चेहरे रुंद झालेत. तुम्ही हेच सांगत होता?”

कवळीवाल्यांचा हात हवेतच थांबला. त्यांनी बायकोकडे पाहिले.

“तेच,” ते म्हणाले.

या वेळी त्यांनी ओठ आवळले नाहीत, मानही खाली घातली नाही. इतक्या दिवसांत तो शब्द पहिल्यांदाच आपल्या जागी जाऊन बसला होता.

“तेच, तेच,” ते पुन्हा म्हणाले आणि खुर्चीचा हात थोपटू लागले.

बाई तिथेच जमिनीवर बसल्या. हातातल्या फडक्याने त्यांनी डोळे पुसले आणि त्या फडक्याची सगळी धूळ गालाला लागली. माणूस घरात होता. नुसता होता असे नाही, इतके दिवस आतून दार बडवत होता. आणि तेसुद्धा कशासाठी, तर नटीचे गाल जाडे दिसतात म्हणून. त्यांना हसू आले, ते आवरेना, आणि मध्येच ते हसू राहिले नाही.

जरा वेळाने त्यांनी जावयाला फोन लावला.

“जावईबापू, टीव्हीचं चित्र काठापर्यंत ताणून बसवलंय ना तुम्ही, ते काढायचं कसं?”

“का हो आई? मग दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतील. एवढा मोठा पडदा वाया जाईल.”

“जाऊ दे वाया. तुमच्या सासऱ्यांना चंद्र गोल हवाय.”

पलीकडून लेकीचा आवाज आला, काय झालं, बाबांना काय झालं. बाई म्हणाल्या, “तिला सांगा, काही झालं नाही. दात दुखत नाहीत त्यांचे, डोकंही नाही. तुम्ही आधी बटण सांगा.”

जावई एकेक पायरी सांगत गेला आणि आयुष्यभर कानाने काम केलेल्या बाई न चुकता दाबत गेल्या. चित्राचा आकार, मग खाली, अजून खाली, मूळ आकार. पडद्याच्या दोन्ही कडा काळ्या झाल्या आणि मधोमध एक नेटके, जवळजवळ चौकोनी चित्र उभे राहिले. नटीला तिचे गाल परत मिळाले. कवळीवाल्यांनी एक लांब श्वास सोडला आणि पाठ खुर्चीला टेकवली. झटक्यानंतर त्यांची पाठ अशी सैल टेकलेली बाईंनी पाहिली नव्हती.

फोनमध्ये लेक बोलत होती, “आई, आम्ही निघतोच आत्ता.”

“सावकाश या. सिनेमा चालू आहे,” म्हणून बाईंनी फोन ठेवला.

दाराची घंटा वाजली. चिटणीस होते, बगलेत दुमडलेली दोन खोकी. बाईंच्या गालावरची धूळ बघून ते जरा बावरले.

“चुकीच्या वेळी आलो का?”

“वेळ बरोबर आहे,” बाई म्हणाल्या. “पण डिस्क काही देता यायच्या नाहीत. तुम्हाला उगाच हेलपाटा पडला.”

चिटणीसांनी त्यांच्या खांद्यावरून आत पाहिले. खुर्चीत कवळीवाले ताठ मानेने पडदा बघत होते. चिटणीसांनी खोकी भिंतीला टेकवून ठेवली.

“हेलपाटा कसला. मी बसू का थोडा वेळ?”

कवळीवाल्यांनी पडद्यावरची नजर न हलवता डाव्या हाताने शेजारची खुर्ची दाखवली. चिटणीस बसले. बाईही चहाला उठल्या नाहीत. टोपाने पहिला बळी घेतला तेव्हा चिटणीस खुदकन हसले, बाई हसल्या, कवळीवाले हसले नाहीत.

मग एका प्रसंगात त्यांनी अचानक बोट पडद्याकडे केले. ते बोट कानाजवळ आणले, आणि हात दोनदा हळूच खाली नेला.

“काय म्हणतायत?” चिटणीसांनी कुजबुजत विचारले.

बाईंनी आधी पडद्याकडे पाहिले, मग नवऱ्याकडे.

“आवाज मोठा आहे का?”

मान हलली. नाही.

“तो कुत्रा भुंकतोय, त्याचं काही?”

कवळीवाल्यांनी त्यावर विचार केला. तेही नव्हे. बाईंना काही उमगेना. चिटणीसांना तर मुळीच नाही. बाईंनी खोके पायाने बाजूला सारले, आपली खुर्ची नवऱ्याच्या अगदी शेजारी ओढून घेतली आणि सिनेमा थांबवला.

“घाई नाही,” त्या म्हणाल्या. “पुन्हा दाखवा.”

कवळीवाल्यांनी हात उचलला.