चिहारूला गेलेलं सरकारी पत्र

“आता पत्र पाठवलंच पाहिजे असं नाही हो,” इनागाकी म्हणाली. “नियम बदललाय. दहा वर्षं संबंध नसेल तर आम्ही घरच्यांना विचारत नाही. तुमची तर चोवीस झाली.”

सुगियामा टोपी मांडीवर धरून बसला होता. जपानच्या शिमिझू बंदरात परत येऊन त्याला अकरा दिवस झाले होते आणि वॉर्ड कार्यालयाच्या या खुर्चीत तो तिसऱ्यांदा बसत होता. निर्वाहभत्त्याचा अर्ज. ज्याला घर नाही, काम नाही, अंगात ताकद नाही, त्याला सरकार देतं तो. देतं, पण आधी नातेवाइकांना एक पत्र धाडतं: तुमचा हा माणूस आमच्या दारी आला आहे, तुम्ही त्याचं काही बघाल का? त्या एका पत्राच्या धास्तीने कितीतरी माणसं पुलाखाली झोपली, पण अर्जाच्या वाटेला गेली नाहीत. भूक परवडली, घरच्यांना कळणं नको.

इनागाकी तिशीची होती. तिच्याकडे असे नव्वद अर्जदार होते, तरी ती प्रत्येकाशी घाई नसल्यासारखं बोलायची. तिने समोरचा कुटुंबनोंदीचा उतारा उलटला.

“सुगियामासान, तुम्हाला माहितीये का, ठाऊक नाही मला. तुमचा घटस्फोट झालाय. अठरा वर्षांपूर्वी.”

“हो का,” सुगियामा म्हणाला.

“तुमचा पत्ता लागेना, म्हणून कोर्टाने फलकावर नोटीस लावली होती.”

“बरोबर आहे. पत्ता नव्हताच दिला मी.”

आपल्याला काहीतरी वाटायला हवं, असं त्याला वाटलं. त्याने थोडा वेळ वाट पाहिली. काहीच आलं नाही. दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला तेव्हापासून त्याचा डावा हात बधिर होता. आता ते बधिरपण वर चढून सगळीकडे पसरलंय की काय, कोण जाणे.

“मुलीचं लग्न झालंय,” इनागाकी म्हणाली. “नवं आडनाव आणि पत्ता मात्र मला सांगता येणार नाही.”

“जवळ राहते की लांब?”

“तेही नाही सांगता येणार. माफ करा.”

“बरं.”

तिने पेन उचललं. “मग पत्र पाठवू नये, असं लिहू ना?”

“पाठवा,” सुगियामा म्हणाला.

शब्द तोंडातून गेला आणि तोच दचकला. इनागाकीने पेन खाली ठेवलं.

“नीट ऐका हं. भत्ता तुम्हाला तसाही मिळेल. पत्र गेलं काय आणि न गेलं काय, अर्जाला काही फरक पडत नाही.”

“ते कळलं मला.”

“मग?”

सुगियामाने टोपी एकदा गोल फिरवली. “तिला कळेल, मी जिवंत आहे म्हणून. एवढंच. नाहीतर तिला मी कुठून सांगणार? पत्ता तुमच्याकडे.”

एवढं बोलायलाही त्याला दम लागला. इनागाकीने मान खाली घालून ते लिहून घेतलं.

आता या माणसाने काय केलं होतं, ते सांगून टाकतो. तो शीतगृहाचा मेकॅनिक. ट्यूना मासे उणे साठ अंशांवर गोठवून ठेवतात, तिथले कॉम्प्रेसर त्याच्या हाताखाली चालायचे. कंपनीने त्याला फिलिपिन्सच्या दक्षिणेला, जेनसानच्या बंदरात दोन वर्षांसाठी पाठवलं आणि तो तिथेच राहिला. मोठं काही घडलं नाही. भांडण नाही, खून नाही, जुगार नाही. मासळीबाजाराच्या मागे लुर्देस नावाच्या बाईची खाणावळ होती. तिथे तो दुपारी जेवायचा, मग रात्री जेवू लागला, मग तिथलाच झाला. घरी पैसे पाठवायचा, तेही हळूहळू थांबलं. आज पाठवू, उद्या पाठवू, करता करता वर्षं गेली. एवढा मोठा अन्याय इतक्या आळसाने करता येतो, हे त्याचं त्यालाही पुढे खरं वाटेना. लुर्देस वारली. तिच्या भावांनी घर हवंय म्हणून गोडीने सांगितलं. ज्या पोरांना त्याने पाना धरायला शिकवलं होतं, त्यांनी वर्गणी काढून त्याचं परतीचं तिकीट काढलं. फेब्रुवारीत तो अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून विमानातून उतरला.

संध्याकाळी वसतिगृहाच्या जेवणघरात ओबा त्याची वाटच बघत होता. वसतिगृह म्हणजे एका बंद पडलेल्या कारखान्याच्या कामगारांच्या खोल्या, मध्ये प्लायवूड ठोकून दुप्पट केलेल्या. तिथे सगळे भत्त्यावरचेच. ओबा पूर्वी ट्रक चालवायचा. पाठ गेली, पण जीभ शाबूत.

“काय रे मनिला, झालं काम?”

“मनिला नाही. जेनसान.”

“तेच ते. झालं का?”

सुगियामाने सुपाचा वाडगा उचलला आणि काय झालं ते सांगितलं. ओबाच्या जेवायच्या काड्या मुळ्याच्या लोणच्यावर तशाच थांबल्या.

“पाठवा म्हणालास? ती बाई नको म्हणत असताना? डोकं काय त्या बर्फाच्या खोलीत विसरून आलास?”

“हं.”

“हं काय, हं काय! माझ्या वेळी सक्ती होती, म्हणून गेलं. भावाने उत्तर दिलं, हा माणूस आमच्या लेखी मेला. आणि वहिनीने त्या लिफाफ्यामागे उंबऱ्यावर मीठ टाकलं मीठ, मसणातनं आल्यासारखं! गावच्या न्हाव्याने सांगितलं मला. सगळ्या गल्लीला कळलं होतं.” ओबाने घोट घेतला आणि आवाज खाली आणला. “आता तुझ्या पोरीचं बघ. सरकारी लिफाफा. नवऱ्याच्या हाती पडला तर? घरात सासू असली तर? लग्नात तिने काय सांगितलं असेल बापाबद्दल? मेला, असंच ना? मग आता काय तोंड दाखवेल ती? चोवीस वर्षं तिच्यासाठी काही केलं नाहीस, आणि केलंस ते हे.”

सुगियामा भात चावत राहिला. ओबाचं एक अक्षरही खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडायच्या आधी तो दारात उभा होता. बस न धरता चालत आला होता, पाय ओढत, पाऊण तास.

“ते पत्र थांबवा,” तो म्हणाला.

इनागाकीचा चेहरा उतरला. “कालच संध्याकाळी टपालात गेलं हो. तुम्ही म्हणालात म्हणून मी लगेच...” ती उठून कमरेत वाकली. “माफ करा.”

“तुमची काय चूक? मीच म्हणालो.” तो जायला वळला आणि थांबला. “लिफाफ्यावर काय असतं?”

“कार्यालयाचं नाव. आणि ‘स्वतः उघडावे’ असा शिक्का.”

“तुमच्या खात्याचं नाव नाही?”

“नाही.”

“बरं केलंत,” सुगियामा म्हणाला आणि आला तसा चालत परत गेला.

दोन आठवड्यांत भत्ता मंजूर झाला. दवाखान्याचं कार्ड मिळालं. हाताचा व्यायाम सुरू झाला: डब्यातल्या लाकडी गोट्या एकेक करून दुसऱ्या डब्यात टाकायच्या. जेवणघरातला फ्रिज खडखडत होता, तो त्याने एका हाताने उघडून नीट केला. ओबाने सगळ्यांना ओरडून सांगितलं, “मनिलाने केला बरं का, आता बियर गार मिळेल!” बियर कुणाकडेच नव्हती. त्या महिन्यात सात नंबरच्या खोलीतला म्हातारा झोपेत गेला. पोचवायला इनागाकी आणि कार्यालयाचा एक शिपाई, दोघंच. अस्थींची पेटी देवळाच्या तळघरात गेली. तिथे कुणी न नेलेल्या पेट्या नंबर घालून ठेवतात.

सुगियामा सकाळी उठायचा, गोट्या टाकायचा, जेवायचा, झोपायचा. उत्तर यावं असं त्याला वाटत नव्हतं. न यावं असंही वाटत नव्हतं. फक्त तो लिफाफा कुठल्यातरी घरातल्या मेजावर पडलेला सारखा दिसायचा. घर त्याला माहीत नव्हतं, म्हणून मेज दरवेळी वेगळं असायचं.

मुलगी चिहारू त्याला आठवायची ती आठ वर्षांची. ऑगस्टच्या सुट्टीत आईने दिलेला डबा घेऊन ती शीतगृहाच्या फाटकाशी यायची. तो मोठं दार एक वीतभर उघडायचा आणि ती त्या फटीसमोर उभी राहून तोंडाने वाफ सोडत बसायची. बाहेर माणसं घामाने भिजलेली आणि हिच्या पापण्यांवर दव. तो जेनसानला गेल्यावर तिची चार पत्रं आली. त्याने दोनांना उत्तर दिलं. शेवटच्यात तिने विचारलं होतं, बाबा, तिकडेपण रविवार असतो का? असतो, एवढंच लिहायचं होतं. त्याने लिहिलं नाही. त्याची त्याला लाज वाटायची. बधिर झालेल्या सगळ्यात तेवढी एक जागा अजून दुखायची.

पत्र गेल्याच्या पंचविसाव्या दिवशी वसतिगृहाच्या फोनवर इनागाकीचा निरोप आला. उत्तर आलंय, सवडीने या. सुगियामा दाढी करून गेला.

तिने त्याला आतल्या, पडदी लावलेल्या मेजाशी बसवलं. चहा आणून ठेवला. यापूर्वी कधी चहा दिला नव्हता.

“सहसा उत्तर येतच नाही,” ती म्हणाली. “हे आलंय. वाचू?”

“वाचा.”

“घरी ठेवून घेणं, शक्य नाही. पैशांची मदत, शक्य नाही.” तिने बोट खालच्या ओळीवर नेलं. “फोन, पत्र, भेट. शक्य नाही.”

“बरं,” सुगियामा म्हणाला. “तिला त्रास झाला का? घरात काही?”

“तसं काही लिहिलेलं नाही. स्वतःच भरलंय. सहीचा शिक्काही तिचाच आहे.”

“मग ठीक.”

तो उठायला लागला, तर इनागाकी म्हणाली, “बसा जरा.” तिने कागद परत पाहिला. “खाली एक रकाना असतो. आणखी काही सांगायचं असल्यास, असा. लोक तो रिकामा सोडतात. हे मी वाचून नाही दाखवत. तुम्हीच बघा.”

तिने कागद त्याच्याकडे फिरवला आणि वरच्या नावपत्त्यावर आपला पंजा पालथा दाबून धरला. पंजाच्या खालच्या बाजूला तीन ओळी दिसत होत्या.

निधन झाल्यास कळवावे. अस्थी मी घेऊन जाईन. त्याआधी कळवू नये.

सुगियामाने वाचलं. पुन्हा वाचलं. अक्षर बारीक, सरळ, कचेरीत काम करणाऱ्या माणसाचं असतं तसं. त्याला ठाऊक होतं ते पेन्सिलीचं, चौकटीबाहेर सांडणारं. त्यातलं इथे काही दिसतंय का, ते तो शोधत राहिला. नव्हतं काही. हे अक्षर रस्त्यात भेटलं असतं तर त्याने ओळखलं नसतं. पण हे लिहायला ती बसली होती. कुठल्यातरी मेजाशी, पेन घेऊन, त्याच्या मरणाचा विचार करत बसली होती. इतक्या वर्षांत त्याच्याबद्दल कुणी एवढं पुढचं ठरवलं नव्हतं. त्याच्या छातीत काहीतरी हललं आणि त्याला ते सोसेना, म्हणून त्याने चहा एका दमात पिऊन टाकला. चहा कढत होता.

“वाईट वाटून घेऊ नका,” इनागाकी म्हणाली.

“नाही नाही.” त्याने तोंड पुसलं. “ही माझ्यासारखी नाही निघाली. आईसारखी आहे. बोलली तेवढं करते.”

इनागाकीने पंजा तसाच ठेवून कागद हळूच मागे ओढला, त्याला दोन भोकं पाडली आणि फायलीत ओवला.

“हा वरच ठेवाल ना?” सुगियामाने विचारलं.

“आता वरच आहे. पण तुमचे दर महिन्याचे कागद येतील, दवाखान्याचे येतील, तसा तो खाली जाईल.”

“मग तुमची बदली झाली तर? नवीन माणसाला कसा सापडणार? घाईत असतात लोक. बघतील न बघतील.”

 इनागाकीने खण उघडला, लाल चिकटपट्टीचा एक तुकडा कापला आणि कागदाच्या कडेला लावला. फाइल मिटल्यावरही तो बोटाच्या पेराएवढा बाहेर दिसत होता. तिने तो ओढून पाहिला. पक्का होता.

“असा?” तिने विचारलं.

“जरा आणखी बाहेर घ्या,” सुगियामा म्हणाला.