नावातलं शेवटचं अक्षर

चांगुणाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा पंकजाच्या कॉम्प्युटरवर त्यांच्याच लेकीचं लग्न अडकून बसलं होतं. नवरीचा हात अर्धा वर गेलेला आणि तसाच थिजलेला. पंकजाने घाईघाईने स्क्रीन बंद केला.

"ताई, पुढल्या मंगळवारी ट्रक येनार हाय," चांगुणाबाई म्हणाल्या. "टोळी कर्नाटकात चालली. एकदा ऊस तोडाया गेलं की सहा म्हैने माघारी न्हाई. तेवढा पोरीचा व्हिडिओ मोबाईलमधी टाकून द्या ना."

"मंगळवारच्या आत देते, मावशी," पंकजा म्हणाली.

जामखेडमध्ये तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, आदिनाथचं, लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं. कॅमेरा आदिनाथ धरायचा, व्हिडिओची कापाकापी अन् जोडणी पंकजा करायची. मे महिन्यातली चार लग्नं अजून तशीच पडून होती. जुना कॉम्प्युटर दहा मिनिटं चालायचा आणि तासभर रुसायचा. नवा प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, आणि त्याच्याबरोबर बोर्ड, रॅम घेतल्याशिवाय आता सुटका नव्हती.

तीन आठवडे ती मोबाईलवर तेवढंच वाचत होती. कोणी म्हणे कोअर किती ते बघा, कोणी म्हणे गिगाहर्ट्झ बघा, कोणी म्हणे पिढी कितवी ते आधी विचारा. एकाने ज्याची तारीफ करावी, त्यालाच दुसऱ्याने नावं ठेवावीत. तिची अर्धी वही आकड्यांनी भरली. आदिनाथचं एकच पालुपद होतं.

"आय सेव्हन घेऊ. समदे स्टुडिओवाले तेच सांगत्यात. जुना स्वस्तात मिळतोय."

"अहो, तो दहा वर्षांपूर्वीचा आहे. नाव तेवढं मोठं. आत्ताचा आय फाइव्ह त्याला केव्हाच मागं टाकतो."

"पाच साताला मागं टाकतो व्हय?"

पुन्हा सगळं समजावून सांगता सांगता ती चिडली. "मला कळतं ना त्यातलं!" ती म्हणाली. आदिनाथ म्हणाला, "बरं. तूच ठरव."

बुधवारी दोघं नगरला गेले. दुकानदाराने समोर प्रोसेसरचे दोन डबे ठेवले. दोन्हींवर आकडा अगदी सारखाच, फक्त एकाच्या शेवटी 'एफ' हे अक्षर जास्तीचं, आणि तो डबा बराच स्वस्त. वहीत पंकजाने या एफपुढे प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं. आत्ता विचारायला हवं होतं. पण आदिनाथ शेजारीच उभा होता आणि दुकानदाराला कौतुकाने सांगत होता, "आमच्या मॅडमनी सगळा अभ्यास केलाय." पंकजाने स्वस्त डब्यावर बोट ठेवलं. "हा द्या."

गुरुवारी सकाळी तिने स्वतःच्या हाताने सगळं बसवलं. बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, पण पडद्यावर काहीच येईना. तिने रॅम काढून पुन्हा घातली, वायर उपसून पुन्हा लावली. पडदा काळाच. दुपारी तिने त्या अक्षराचा अर्थ शोधला. एफ म्हणजे पडद्यावर चित्र दाखवणारा भाग या प्रोसेसरमध्ये नाहीच. त्यासाठी वेगळं कार्ड लागतं, आणि ते त्यांच्याकडे कधीच नव्हतं. शिवाय तोच भाग व्हिडिओच्या कामाला वेग देतो, असंही तिथे लिहिलं होतं.

आदिनाथने विचारलं तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, "वायर खराब असेल."

शुक्रवारी तो बाजारातून नवी वायर घेऊन आला. गुडघे टेकून, कॅबिनेटच्या मागे वाकून तो ती धडपडत लावू लागला. त्याच्या शर्टाच्या पाठीवर घाम आला होता. पंकजाला ते बघवेना.

"अहो, राहू द्या. वायरचं काही नाही. माझंच चुकलंय."

तिने सगळं सांगितलं. तो तसाच खाली बसून ऐकत राहिला.

"मग दुकानात का न्हाई विचारलंस?"

"तुम्ही शेजारी होता म्हणून."

"मी हुतो म्हनून?" तो उठला आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

शनिवारी ती पहिल्या एसटीने एकटीच नगरला गेली. दुकानदाराने डबा उलटासुलटा केला. "सील फोडलंय, ताई. अन् बोट तुम्हीच दाखवलं होतं." तिने डबा परत पिशवीत टाकला. नवं कार्ड घेणं परवडत नव्हतं. बाजूच्या गल्लीत गोरक्षनाथ नावाचे एक गृहस्थ जुने कॉम्प्युटर दुरुस्त करत, त्यांचं दुकान तिला कोणीतरी दाखवलं. त्यांनी भंगाराच्या ढिगातून एक धुळकट कार्ड काढलं, फुंकर मारली, लावून बघितलं.

"चालतंय. घेऊन जा, परवडेल तेवढे द्या. या एफपायी महिन्याला दोघं-तिघं येतात माझ्याकडं. सगळे वाचून-बिचून आलेले."

तिने पैसे दिले आणि परतीच्या एसटीत कार्ड मांडीवरच धरून बसली.

संध्याकाळी पडदा उजळला. आदिनाथने मागून बघितलं, आत गेला, दोन कप चहा घेऊन आला आणि खुर्ची ओढून शेजारी बसला. "कुठला तुकडा आधी घ्यायचा, सांग," तो म्हणाला. रविवार, सोमवार दोघांनी कॉम्प्युटरसमोरून उठायचं नाव घेतलं नाही. सोमवारी दुपारभर वीज नव्हती, तरी मंगळवारी सकाळी व्हिडिओ तयार झाला. आदिनाथ मोटारसायकलवरून तो चांगुणाबाईंच्या गावाला देऊन आला. ट्रक सुटता सुटता गाठला, म्हणाला.

चार दिवसांनी चांगुणाबाईंचा फोन आला. पाठीमागे बायकांचा गलका ऐकू येत होता.

"ताई, लई झ्याक झालाय. समद्या टोळीनं बघितला. पन एक इचारू? समदीकडं पोर रडतीच हाय. हसताना कुठंच न्हाई का ओ ती?"

घाईघाईत जे हाताला लागलं ते पंकजाने जोडलं होतं, रडण्याचे तुकडे सगळ्यांना आवडतात म्हणून तेच घेतले होते.

"बघते, मावशी," ती म्हणाली.

फोन ठेवून तिने हळदीच्या दिवसाचं न कापलेलं सगळं चित्रण उघडलं. आदिनाथला हाक मारली. "अहो, तुम्हीच काढलंय हे. ती कुठं हसली होती, आठवतं का तुम्हाला?"