गोरिलाचा ताप आणि सासूची पानं

गोरिलांच्या जंगलात राहणाऱ्या बाका लोकांत घर बायका बांधतात. काठ्या वाकवायच्या, त्यावर रुंद पानं चढवायची, झालं घर. त्यामुळे नवऱ्याशी बिनसलं तर ते मोडायचा हक्कही त्यांचाच. लिंडोच्या झोपडीची पानं मात्र त्याची बायको सुआ काढत नव्हती, तिची आई मोसोलो काढत होती. तीही रोज थोडी थोडी, म्हणजे जावयाला विचार करायला वेळ मिळावा.

लिंडो गोरिलांचा माग काढायच्या कामावर होता. सकाळी गोरिला पाल्याच्या बिछान्यातून उठून गेले, की हा डॉक्टरीणबाई सोलांजबरोबर तिथे जायचा आणि त्यांची विष्ठा नळीत भरायचा. त्यात ती मलेरियाचे जंतू शोधायची. अशात लिंडोची चिमुरडी बोसी तापाने फणफणली. डॉक्टरीणबाईच्या छावणीतल्या गोळ्यांनी ती उठून खेळायलाही लागली, पण म्हातारीच्या डोक्यात बसलं ते बसलंच, की जावयाने गोरिलाचा ताप घरात आणला. सासू-जावई एकमेकांशी थेट बोलत नसत, त्यांच्यात तशी रीतच होती. म्हणून म्हातारी कुत्र्याला सुनावायची.

"पांगा, काही लोकांना माकडाची घाण लेकराहून प्यारी. शेवटचं पान उतरलं की पोरीला आणि नातीला घेऊन मी चालले नदीपलीकडे, भावाकडे."

लेकी बोले सुने लागे, दुसरं काय! पांगा बिचारा शेपूट हलवायचा.

लिंडोचा जीव टांगणीला लागला. पण खरं सांगायचं तर भीतीहून त्याची खोड मोठी होती. त्याला प्रश्न पडायचे. डॉक्टरीणबाई म्हणाली होती, विष्ठेतून काही होत नाही, ताप डासातून येतो. बरं, पण गोरिलाला चावलेला डास मलाही चावतोच की! तू कोण, कुठला, असं विचारून थोडाच चावतो? आणि गोरिलाला थंडी वाजत असेल का? वाजली तर तो कुणाला सांगत असेल? शेवटी त्यानेच सोलांजला गळ घातली, की बोसीचं रक्त घ्या, माझं घ्या, अख्ख्या वस्तीचं घ्या, आणि बघाच एकदा. वस्ती तयार झाली. मोसोलोनेही बोट पुढे केलं, अर्थात पांगाला चार शब्द ऐकवून.

नमुने राजधानीला गेले आणि इकडे पानं उतरत राहिली. एकदा पाऊस आला तेव्हा तिघं एका कोरड्या कोपऱ्यात अंग चोरून बसली. सुआ बोसीचं भिजलेलं डोकं पुसत राहिली, ते लिंडोला सासूच्या टोमण्यांहून जास्त लागलं.

निकाल आला तेव्हा छपरावर मूठभर पानं उरली होती. छावणीत सोलांज लिंडोला म्हणाली, गोरिलांत मलेरियाचे जंतू भरपूर आहेत, पण त्यांतला एकही तुमच्या वस्तीत सापडला नाही. बोसीचा ताप माणसांचाच. लिंडोला वाटलं, धावत सुटावं. पण खोड जाते कुठे? तो दारातून मागे वळला.

"मग हा आमचा जंतू मुळात आला कुठून?"

"गोरिलाकडूनच," सोलांज म्हणाली. "पण फार फार पूर्वी. एकदाच कधीतरी तो माणसात आला आणि इथेच रुळला. मग जगभर गेला."

घ्या! कुणी सांगितलं होतं विचारायला? वाटभर लिंडो स्वतःला शिव्या घालत होता. अर्धंच सांगितलं तर ते खोटं नव्हतं आणि घरही वाचत होतं. पूर्ण सांगितलं तर म्हातारी उरलेली पानं उपटणार. पण एवढी नवलाची गोष्ट पोटात ठेवायची कशी? ते त्याला जमणारं नव्हतं.

मोसोलो पानं ओढतच होती. लिंडो कुत्र्यासमोर उकिडवा बसला आणि त्याने पांगाला सगळं सांगितलं, शेवटचं सुद्धा. म्हातारीचा हात थांबला.

"पांगा, एकदाच म्हणतोस?"

"एकदाच, पांगा. त्यानंतर पुन्हा आल्याचं अजून तरी सापडलेलं नाही."

म्हातारीचा चेहरा खुलला. तिचं म्हणणं खरं होतं, फक्त कित्येक पिढ्या शिळं होतं. आणि हे न सांगता याचं आरामात भागलं असतं, हेही तिला कळत होतं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच तिने सरळ जावयाकडे पाहिलं.

"लिंडो, बसलास काय? ती पानं दे इकडे. छप्पर घालायचंय."