बोरामच्या बोटावरची निळी फिल्म

मित्रांनो, मध्ये बोलू नका, आधी नुसतं ऐका! मी एक जुनी निळी फिल्म आहे. जुनी म्हणजे तीन वर्षांची, पण आमच्यात एवढं जगणारी आजीच म्हणायची! जाडी तुमच्या केसाच्या हजाराव्या भागाएवढी. आहे प्लास्टिकची, पण माझ्यातून वीज पळते!

देजॉन शहरातल्या एका प्रयोगशाळेत बोराम नावाच्या संशोधक मुलीनं मला बनवलं. बोटावर चिकटवायची, बोट वाकलं की ताणली जाणारी आणि तरी वीज नेणारी फिल्म तिला हवी होती. माझ्या मोठ्या बहिणींतून, म्हणजे आधीच्या फिल्म्समधून, वीज सुसाट पळायची, पण जरा ओढलं की कटकन तुकडे! दोन वर्षं हेच चाललेलं. शेवटी तिचे मार्गदर्शक प्यॉन सर म्हणाले, "शुक्रवारपर्यंत बघ. नाही जमलं तर हा विषय सोड."

त्याच दुपारी तेग्यूदादा, म्हणजे तिचा सीनियर, न शिजवलेले नूडल्स कुडुमकुडुम चावत बसला होता. बोराम एकदम ओरडली, "दादा, हेच! माझ्या फिल्ममधल्या रेणूंच्या साखळ्या कच्च्या नूडल्ससारख्या ताठ आहेत. त्या शिजलेल्यांसारख्या हव्यात, एकमेकींत गुंतलेल्या!"

"मग काय, फिल्म उकळतेस आता? वर अंडं फोडू का?"

तिनं उकळलं नाही हो! माझ्या लांबच लांब साखळ्यांत तिनं दर दहा ताठ कड्यांमागे एक लवचीक कडी घातली.

"वीज न्यायचीय की चड्डीचं इलॅस्टिक करायचंय?" दादाचं सुरूच.

झाली खरी वीज थोडी हळू. पण शुक्रवारी बोरामनं मला पाण्यावर तरंगवलं, कारण मला हातात धरवतच नाही, आणि यंत्र दोन्हीकडून मला ओढायला लागलं. लांबी पाच टक्के वाढली. इथेच बहिणी गेल्या होत्या! मी आपली आतल्या आत सैल होतेय, वळतेय, सरकतेय, आणि काय सांगू, मजा येतेय! वीस. तीस! बोट वाकताना कातडी ताणली जाते तेवढी ताणली गेले मी! दादाचं चावणं थांबलं. चाळीस!

आणि बोरामनं यंत्र बंद केलं.

"अगं ए! तुटेपर्यंत ओढायचं, हा नियम आहे आपला! आकडा काय लिहिणार?"

"ही एकच नीट जमलीय दादा. तुटली तर बोटावर काय लावू? तुझे नूडल्स?"

तिनं वरून रबराचा पातळ तुकडा अलगद टेकवून मला उचललं, बोटावर चिकटवलं, तारा जोडल्या. तेवढ्यात सर आलेच. "कितीवर तुटली?"

"तुटली नाही सर. मीच थांबवलं."

दादा छताकडे बघतोय. बोरामनं बोट वाकवलं. मीटरचा काटा हलला, पण शून्यावर गेला नाही! पुन्हा वाकवलं. सर म्हणाले, "शंभर वेळा वाकव." शंभर, मित्रांनो! दादा मोठमोठ्यानं मोजत होता, नव्वदनंतर तर नाचतच होता. मी शंभरच्या शंभर वेळा ताणली गेले आणि वीज एकदाही तुटली नाही.

"विषय तुझाच," सर म्हणाले. "पण पुढची तुटेपर्यंत ओढायची हं. चला, आज डुकराचं मांस भाजू या."

मग काय, त्याच बोटानं ती शेगडीवरचे तुकडे उलटत होती आणि मी धुरात ताणली जात, आखडत नुसती हसत होते! आता काचेच्या डबीत असते, झाकण अलगद उघडतात माझं.

पण मी नेमकी कितीवर तुटले असते, ते मात्र अजून कुणालाच माहीत नाही. मलाही नाही! खरं सांगा, चाळीसवर तुमचं बोट यंत्राच्या बटणावर असतं, तर तुम्ही काय केलं असतं?