काचेपलीकडचा गप्पी

"टाकीच्या काचेसमोर सरळ धरायचं, श्वास रोखायचा, अन् पुढच्या भिंगाला बोट लावायचं न्हाई."

मित्रांनो, हे बोल मन्मथप्पांचे. बीडला त्यांचं जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान होतं, आणि मी त्या दुकानातली एक जुनी मॅक्रो लेन्स. मॅक्रो म्हणजे बारीक वस्तूच्या जवळ जाऊन तिचं मोठं चित्र काढणारी. मुंगीचे पाय, माशाचा खवला, फुलातला पराग, असली कामं माझी.

माझा जन्म दूरदेशी एका कारखान्यात झाला. अंग सगळं धातूचं, फोकसचं कडं हातानं फिरवायचं. माझे पहिले मालक कीटकशास्त्राचे प्राध्यापक होते. कापसावरच्या किडींचे फोटो काढत त्यांनी मला वीस वर्षं वापरलं आणि फार जपलं. ते गेल्यावर घरच्यांनी मला आप्पांच्या दुकानात आणून दिलं. तिथं मी तीन वर्षं कपाटात बसून होते. गिऱ्हाईक यायचं, मला हातात घ्यायचं आणि विचारायचं, "आपोआप फोकस होतो का?" आप्पा "न्हाई" म्हणायचे, की मी पुन्हा कपाटात. कुणी वाईट बोलायचं नाही, पण कुणी नेतही नव्हतं.

मग २०१५ साल आलं. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस रुसला होता. श्रावणातल्या एका दुपारी दानम्मा दुकानात आली. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आवाज इतका हळू की आप्पांना पुढं वाकावं लागलं. तिच्यासोबत बंकट होता. नेकनूरला त्याचा फोटो स्टुडिओ होता आणि तो दानम्माच्या यजमानांचा मित्र, म्हणून तिला वैनी म्हणायचा.

दानम्माचं गाव नेकनूरच्या पलीकडे. तिथं बायकांची दूध सहकारी संस्था होती. दुष्काळात जनावरं चारा छावणीत गेली, दूध आटलं आणि दूध संकलनाची खोली ओस पडली. तेव्हा सात जणींनी त्याच खोलीत काचेच्या टाक्या मांडून शोभेचे मासे पाळायला घेतले. त्यात गप्पी मासे सगळ्यात जास्त. गावात टँकरचं पाणी, घरोघरी पिंपं भरलेली, पिंपांत डासांच्या अळ्या, आणि डेंग्यूचा ताप पसरलेला. गप्पी मासा या अळ्या खातो, असं आरोग्यसेविकेनं सांगितलं होतं. दानम्माला वाटलं, आपले मासे गावाच्या कामी येतील.

पण गाव चिडलं होतं. राधाकिशननाना गावातले जाणते. ते म्हणाले होते, "माणसाला प्यायला न्हाई अन् तुमी मासुळ्यांना पोहायला लावता." दानम्मानं त्यांना टाकीपाशी नेऊन अळी टाकून दाखवलीसुद्धा. पण अळी तांदळाच्या दाण्याहून लहान, मासा विजेसारखा, आणि नानांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. "काय खाल्लं? मला तर नुसतं पाणीच दिसलं," म्हणत नाना निघून गेले. आता सोमवारी सगळ्या गावासमोर संस्थेची सभा होती. टाक्या रिकाम्या करायच्या, असा ठराव तीत येणार होता. त्याआधी नानांना दिसेल एवढ्या मोठ्या फोटोत हे दाखवायचं होतं, आणि हातात पैसे थोडे.

आप्पांनी काउंटरवर चार वस्तू मांडल्या. पहिली कोरी, आपोआप फोकस होणारी. किंमत ऐकून बंकट म्हणाला, "एवढ्यात दोन म्हशी येत्यात, आप्पा."

"त्यांना पाणी कोण पाजील, भाऊजी?" दानम्मा हळूच म्हणाली.

दुसरं म्हणजे साध्या लेन्सवर चढवायचं भिंग. सगळ्यात स्वस्त, पण चित्राच्या कडा फिसकटायच्या. तिसरी, कॅमेरा आणि लेन्सच्या मधे बसवायची पोकळ कडी. तीही स्वस्त. दानम्मानं ती लावून काउंटरवरचं एक नाणं बघितलं. नाणं स्पष्ट दिसेपर्यंत लेन्स जवळजवळ त्याला टेकली.

"मासा काचेच्या मागं असतो," ती म्हणाली. "ही काचेला थटंल, पण माशापस्तोर पोचायची न्हाई."

आप्पांनी मान डोलावली आणि मला पुढं केलं. "ही वीतभर लांबून बघती. माशाला भ्या वाटत न्हाई. किंमत नवीच्या पाचव्या हिश्श्यात. पण फोकस हातानं करावा लागंल."

"भाकर हातानंच थापते की मी, आप्पा."

मित्रांनो, तीन वर्षांनी मी त्या कपाटातून बाहेर पडले ती या एका वाक्यावर. बंकटनं आपला कॅमेरा दिला, आप्पांनी निघताना सुरुवातीला सांगितलेली ती सूचना दिली, आणि मी एसटीनं गावाला आले.

दानम्माचे नेम कडक. पहाटे अंघोळ, गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा, त्यानंतरच पाण्याचा घोट. घरात नवी वस्तू आली की तिचीही पूजा व्हायची. तिनं मला पाटावर ठेवलं, फूल वाहिलं, आणि मोठ्या भक्तीनं माझ्या पुढच्या भिंगावर तीन बोटांनी विभूती ओढली. बोट लावू नका म्हणून आप्पांनी बजावलं होतं, पण तिच्या लेखी विभूती लावणं म्हणजे बोट लावणं नव्हतंच. आयुष्यात माझी पूजा पहिल्यांदाच होत होती. मला केवढा आनंद झाला! आणि त्याच क्षणी मला दिसायचं बंद झालं.

तिनं दोन दिवस फोटो काढले. कॅमेऱ्याच्या इवल्या पडद्यावर सगळं दुधाळ दिसायचं. तिला वाटलं, टाकीचं पाणी गढूळ असेल. रविवारी सकाळी ती स्टुडिओत गेली. बंकटनं संगणकावर फोटो उघडले, एकामागून एक बघितले आणि खुर्ची मागं सरकवली.

"वैनी, हे मासे हायत का धुक्यातल्या एसट्या?"

त्यानं मला खिडकीच्या उजेडात धरलं. "हे काय हाय?"

"विभूती."

"हिच्या डोळ्याला? मग कसं दिसंल हिला?"

दानम्मानं पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, पुन्हा सोडलं. सभा उद्या दहाला होती. सात बायकांनी वर्षभर सांभाळलेल्या टाक्या आपल्या तीन बोटांमुळं रिकाम्या होणार, हे तिला कळत होतं.

"देवाला राग यायचा न्हाई, पुसा," ती म्हणाली.

बंकटनं आधी रबरी फुग्यानं हवा मारली, मग मऊ कुंचल्यानं राख झाडली, आणि शेवटी सुती कापडानं मधून कडेकडे पुसलं. एक केसाएवढा ओरखडा मात्र राहिला. तो आजही आहे. फोटोत तो दिसत नाही आणि मला तो लागतही नाही.

दुपारी दोघं संकलनाच्या खोलीत आले. ट्यूबलाइट टाकीच्या वर ठेवली, दारं-खिडक्या लावल्या. काचेत आमचं प्रतिबिंब पडू नये म्हणून समोर काळी चादर टांगून तिच्या भोकातून मला बाहेर काढलं. पण मासा मागं पळाला की चित्र जायचं. बंकट वैतागला. दानम्मा थोडा वेळ बघत राहिली.

"वासरू लांब पळतंय तर दावं आखूड करावं," ती म्हणाली.

तिनं काचेची एक पट्टी टाकीत उभी सोडली. पुढच्या काचेत आणि या पट्टीत चार बोटं जागा उरली. मासा तेवढ्यातच फिरू लागला. मग तिनं माझं कडं एकदा जुळवलं आणि पुन्हा त्याला हात लावला नाही. मासा येईल तिथं धावायचं नाही, आपण ठरवलेल्या जागी तो यायची वाट बघायची. बंकट ड्रॉपरनं अळी सोडायचा. दानम्मा श्वास रोखून मनातल्या मनात "नमः शिवाय" म्हणायची. तिच्या हाताची थरथर त्या नामात विरून जायची, हे मला तिच्या बोटांतून कळायचं.

चाळिसाव्या की पन्नासाव्या वेळी गप्पी वळला, तोंड उघडलं, आणि मी सगळं टिपलं. अळीचं केसाळ अंग अर्धं तोंडात, अर्धं बाहेर.

बंकट एरवी वाढदिवसाचे फ्लेक्स छापून आणायचा. त्या दिवशी त्यानं माणसाच्या उंचीचा मासा छापून आणला.

सोमवारी सभेत अध्यक्ष सुभद्राबाईंनी तो फ्लेक्स भिंतीवर टांगला आणि एवढंच म्हणाल्या, "चार महिने टाक्यांचं पाणी बदललं न्हाई, आटलं तेवढंच भरलंय. आता हे बघा." लोक उठून पुढं आले. राधाकिशननाना अगदी जवळ गेले. त्यांनी फ्लेक्सवर हात फिरवला.

"तोंडात हे केसाळ काय हाय?"

"अळी हाय, नाना," दानम्मा म्हणाली. "तुमच्याच पिंपातली. तुमच्या नातीकडनं मागून आणलीती."

मागं कुणीतरी हसलं. नाना हसले नाहीत. त्यांची सून विमलबाई डेंग्यूनं आठ दिवस बीडच्या दवाखान्यात होती. त्यांनी फ्लेक्सवरच्या अळीवर बोट टेकवलं.

"मला हे पिंपात कधी दिसलंच न्हाई," ते म्हणाले. मग वळून, "टाक्या राहू द्या."

ठरावाला एकही हात वर झाला नाही. सातही जणी एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि सुभद्राबाईंनी डोळ्याला पदर लावला. नानांनी मात्र अट घातली. "मासा पिंपात टाका. पण ध्यान कोण ठेवणार? चार दिवस कौतुक होईल, मग विसरताल."

"देवाच्या पाण्याचा हंडा झाकून येगळा ठेवा," दानम्मा म्हणाली. "पिंपाचं मी बघते. दर सोमवारी येईन. तुमचं पिंप बघितल्याबिगर पाणी घेणार न्हाई."

त्या पावसाळ्याच्या शेवटापर्यंत गावात डेंग्यूचा नवा रोगी निघाला नाही. गप्पी मासे बरण्यांतून नेकनूरला गेले, केजला गेले, गेवराईच्या बायकाही न्यायला आल्या. आणि जिथं मासे गेले तिथं मी टिपलेला तो फोटोही गेला. कपाटातल्या मला हे कधी स्वप्नात दिसलं नव्हतं. माझ्यासारख्या जुन्या वस्तूला आणखी काय हवं?

मित्रांनो, तुमच्याकडं एखादी लेन्स असेल तर तिची धूळ आधी रबरी फुग्यानं उडवा, मगच पुसा. तिला ओलीत ठेवू नका, नाहीतर आत बुरशी धरते. आणि जुनी म्हणून तिला अडगळीत टाकू नका. तिला अजून काय बघायचं आहे, ते तुम्हाला ठाऊक नसतं.

आज सोमवार आहे. आता गावाला नळ आलाय, नाना थकलेत, सभेतलं ते बोलणं कुणाच्या लक्षातही नसेल. दानम्माची पूजा आटोपली. पाण्याचा घोट न घेताच तिनं तांब्या पालथा घातला, पिंपात बघायला बॅटरी घेतली, चपला घातल्या. कुणाला न सांगता तिनं कडी लावली आणि नानांच्या घराकडं निघाली.