माझी किंमत काय?

मी एक घडीचं स्टूल. चार लाकडी पाय, वर जाड कापडाची बैठक. मिटलो की काखेत मावतो.

सुतारमामांनी मला घडवलं ते मामींसाठी. गुडघे धरले की रांगेत उभं राहणं मामींच्या जिवावर यायचं. पहिल्यांदा माझ्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, "अहो, जन्मभर परक्यांच्या खुर्च्या केल्यात. आज माझ्यासाठी काहीतरी केलंत!"

मामा हरखले. त्यांनी माझी पंचवीस भावंडं केली, दुकानात मांडली, किंमत ठेवली दीडशे. लोक मला उघडायचे, मिटायचे आणि किंमत ऐकली की भुवया वर! एक जाडजूड गृहस्थ तर म्हणाले, "दीडशेत? हे मोडलं तर माझं कंबरडं मोडेल, त्याचं काय?"

महिन्याभरात तीनच भावंडं गेली. मामा म्हणाले, "दुकान बंद करतो. गोदामावर पहारेकऱ्याची जागा आहे." त्या दिवशी मामींच्या भाजीत मीठ नव्हतं आणि मामांनी ती निमूट खाल्ली.

तेवढ्यात भाची आली. कॉलेजात शिकवायची, तोंडाची फटकळ.

"मामा, किंमत कुणाला विचारून ठरवलीत?"

"विचारायचं काय? गिऱ्हाईक फुकटच मागणार!"

"नीट विचारलं तर नाही मागत. चार प्रश्न विचारायचे. किती किंमत स्वस्त वाटेल? किती महाग वाटली तरी घ्याल? किती झाली तर घेणारच नाही? आणि किती कमी असली तर मालाचीच शंका येईल?"

तीन दिवस ती मला घेऊन दवाखान्यात, तिकीट खिडकीपाशी, बागेत हिंडली. ऐंशी माणसं माझ्यावर बसली. कुणी अलगद, कुणी धप्पकन! एक आजी बसल्या त्या उठेचनात. "पोरी, किंमत काहीही लाव, पण उठताना धरायला एक दांडा दे गं!" भाचीने तेही लिहून घेतलं.

स्वयंपाकघरात कागद पसरले. अडीचशेच्या खाली बहुतेकांना शंका, पाचशेच्या वर बहुतेकांचा नकार. भाचीने मधल्या एका आकड्यावर बोट ठेवलं: पावणेचारशे.

"अगं, लोक जोडे मारतील!"

"लोकांनीच सांगितलंय, मामा. तुमच्या मनातले लोक वेगळे, हे खरे."

मामांनी बराच वेळ कागद न्याहाळले. मग म्हणाले, "दांडा शिसवीचा लावू की सागाचा?"

पंधरा दिवसांत उरलेली सगळी भावंडं गेली. ते जाडजूड गृहस्थही आले, बसून दोनदा हिसके दिले आणि म्हणाले, "हं, आता कसा माल वाटतोय!" दांडा सोडला तर माल तोच होता. मामींना हसू आवरेना, त्या आत पळाल्या.

मी मात्र विकायला नाही. बैठक सैल झाली, एक पाय कुरकुरतो. पण नवं गिऱ्हाईक आधी माझ्यावरच बसून बघतं. मामा आता घडीची शिडी करताहेत. कितीला देणार, असं कुणी विचारलं की म्हणतात, "थांबा, अजून लोकांना विचारायचंय."

तेव्हा एवढंच मागणं. रस्त्यात कुणी कागद-पेन घेऊन अडवलं, तर "वेळ नाही" म्हणून सटकू नका. दोन मिनिटं थांबा आणि मनातलं खरं सांगा. एखाद्याचं दुकान तेवढ्यावर उघडं राहतं.